फाइल भरली, पण फीडर पाहिलाच नाही

पत्र (थोडक्यात, नाव-गाव वगळून)

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली एक वाचक एका वीज वितरण कंपनीत वर्षभराची अप्रेंटिसशिप करते आहे. आठ महिने झाले. सुरुवातीचे काही आठवडे ३३/११ केव्ही उपकेंद्रात तासातासाचं रीडिंग लिहिण्यात गेले. तेव्हापासून ती उपविभाग कार्यालयात बसते: थकबाकीच्या याद्या, नव्या जोडणीचे अर्ज, मीटरचे फोटो. साहेब भले आहेत, पण ‘मुलीला कुठे लाइनवर पाठवू’ म्हणतात. तिमाही अहवाल आणि नोंदवही मागच्या वर्षीच्या अप्रेंटिसच्या फाइलवरून उतरवायला दिली आहे, सगळे तसंच करतात म्हणून. एकदा ब्रेकडाऊनच्या वेळी माणसं कमी होती, तेव्हा एका तंत्रज्ञाने तिला एबी स्विच (खांबावरचा, खालून दांड्याने लाइन तोडायचा स्विच) ओढायला सांगितलं. ‘मला भीती वाटते’ असं म्हणून तिने नकार दिला आणि सगळे हसले. वर्षअखेर विभागीय कार्यालयात तोंडी मूल्यमापन आहे. ती विचारते: गुपचूप फाइल उतरवून प्रमाणपत्र घेऊ, तक्रार करू, की हे सोडून भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करू? आणि खाली एक ओळ: ‘मी घाबरट आहे का?’

उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, घाबरट नाहीस. त्या संध्याकाळी तिथे जे चाललं होतं, त्यात नियमाला धरून झालेली गोष्ट बहुधा तुझा नकार एवढीच असावी. लाइनवर काम कोणी करायचं, स्विचिंग कोणी करायचं, हे कंपनीने नावानिशी नेमून द्यायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. ही अट दोन्हींत आहे. हाताशी आहे म्हणून कोणालाही हँडल धरायला लावायचं नसतं.

तुझं वाक्य मात्र बदल. ‘मला भीती वाटते’ म्हटलं की समोरच्याला हसायला जागा मिळते. ‘माझ्या नावाने ऑथोरायझेशन नाही, तुम्ही ओढा, मी तिन्ही ब्लेड बघून सांगते’ असं म्हटलं की हसायला काही उरत नाही. शिवाय तुला काम मिळतं, आणि तेही महत्त्वाचं. एबी स्विचचं हँडल खाली आलं म्हणजे स्विच उघडला असं कोणी समजू नये. दांडा फिरतो, दोन ब्लेड सुटतात आणि तिसरं गंजून कॉन्टॅक्टमध्येच अडकून बसतं. पावसाळी अंधारात खालून ते दिसत नाही. लाइन बंद आहे असं समजून माणूस वर चढतो आणि एक फेज जिवंत असतो. टॉर्च मारून, मान वर करून तिन्ही ब्लेड एकेक करून पाहायची, मगच हँडलला कुलूप घालायचं. हे पाहणारा दुसरा माणूस असेल तर कुठल्याही शहाण्या तंत्रज्ञाला बरंच वाटतं.

आता तुझ्या पत्रातल्या एका समजुतीबद्दल. तुझ्या लेखी खरं काम म्हणजे खांबावर चढणं, हाताने काहीतरी जोडणं. ते तुला मिळत नाही, म्हणून आठ महिने वाया गेले असा हिशेब तू मांडला आहेस. साहेबांचीही समजूत तीच आहे, फक्त त्यावरून त्यांनी उलटा निष्कर्ष काढला: मुलगी चढणार नाही, मग बसव टेबलावर. पण नेटवर्क सांभाळणाऱ्या अभियंत्याचं काम खांबाच्या टोकावर फारसं नसतंच. कुठला भाग बंद करायचा, बाकीचा कुठून फिरवून चालू ठेवायचा, परमिट (लाइनवर काम करायची लेखी परवानगी) कोणाला द्यायचं, दोष कुठल्या दोन खांबांच्या मध्ये आहे आणि लाइन परत कधी घ्यायची, म्हणजे चालू करायची, हे ठरवणं त्याचं काम. ते शिकायला मुलगा-मुलगी हा प्रश्न येत नाही. चढायला शिकलीस तर उत्तमच. पण ‘मला चढू द्या’ असा हट्ट धरशील तर साहेबांना नकार देणं सोपं जाईल. ‘मला शटडाऊन (कामासाठी लाइन बंद करणं) पूर्ण बघू द्या’ याला नकार देणं अवघड आहे.

म्हणजे नेमकं काय बघायचं ते सांगतो. एखाद्या ११ केव्ही फीडरचं (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचं) ठरलेलं शटडाऊन निवड आणि त्या दिवशी सकाळी उपकेंद्रात जाऊन बस. फोन येतो. मागणारा फीडरचं नाव सांगतो, ऑपरेटर तेच नाव परत उच्चारतो (उच्चारतो का, हे पहा!). वेळ लिहिली जाते. आधी ब्रेकर उघडून भार तोडला जातो, मग आयसोलेटर उघडतो. हा क्रम का? भाराचा प्रवाह तोडताना पेटणारा आर्क विझवायची सोय ब्रेकरमध्ये असते, आयसोलेटरमध्ये नसते. तो फक्त डोळ्यांना दिसेल असं अंतर पाडून देतो. पॅनेलवर ‘काम चालू आहे’चा फलक लागतो, अर्थिंग होतं, परमिटला नंबर पडतो. ते पुस्तक हातात घेऊन आधीची पानं चाळ. परमिट ज्याने घेतलं त्याच्याच सहीने परत आलं आहे का? काम संपल्याची वेळ आणि लाइन घेतल्याची वेळ यांत किती अंतर आहे? एका मिनिटाचंही नसेल, तर त्या शाखेत काम कसं चालतं ते तुला कळलं. हे तोंडावर कोणाला बोलून दाखवू नकोस, पण ध्यानात ठेव.

पुढच्या वेळी दुसऱ्या टोकाला, म्हणजे काम चालतं तिथे जा. टेस्टर आधी जिवंत लाइनवर तपासून घेतला का, मग बंद लाइनवर लावला का, आणि नंतर पुन्हा जिवंत लाइनवर तपासला का? मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर ‘बंद’ हा निर्वाळा खोटा ठरतो. डिस्चार्ज रॉडची (बंद लाइन जमिनीला जोडायच्या दांड्याची) जमिनीकडची बाजू आधी जोडली का, मग लाइनला लावला का? काढताना बरोबर उलटं. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ केलं की एकाच? हे शेवटचं सगळ्यात जास्त टाळलं जातं. उपकेंद्राकडची बाजू बंद केली की संपलं, असं वाटतं. पण पुढे कुठेतरी एखाद्या कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (म्हणजे लाइनपासून वेगळा न करता) जोडलेला असतो. त्याचा पुरवठा डीपीच्या (खांबांवरच्या वितरण ट्रान्सफॉर्मरच्या) एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूने आत शिरतो आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. ज्या डीपीने ११,००० व्होल्टचे ४३३ करायचे, ती ४३३ चे ११,००० करून बंद लाइनवर पाठवते. छतावरच्या सोलरचे इन्व्हर्टर पुरवठा गेल्यावर आपोआप थांबतील असे बनवलेले असतात खरे, पण त्या भरवशावर हात घालायचा नसतो. अर्थ केलेलं असेल तरच तो माणूस घरी जातो.

हे सगळं बघायला तुझं नाव कुठल्याही यादीत असण्याची गरज नाही. सुरक्षित अंतरावर हेल्मेट घालून, वही घेऊन उभं राहायचं, इतकंच.

आता फाइल. मी अशा तोंडी परीक्षांना पलीकडच्या बाजूने बसलो आहे, त्यामुळे उतरवलेली फाइल कशी दिसते ते सांगू शकतो. तिच्यात प्रत्येक आठवड्याला काम झालेलं असतं. ‘रोहित्राची देखभाल केली.’ ‘उपकेंद्राचा अभ्यास केला.’ ‘लाइनची पाहणी केली.’ एकही आकडा नाही, एकही जागा नाही, आणि कधीच काही बिघडलेलं नाही. परीक्षकाला फाइल पूर्ण वाचावी लागत नाही. मधलं एक पान उघडून ‘हे कुठे केलंस, त्या दिवशी काय रीडिंग होतं?’ एवढं विचारलं की पुरे. मुलं गप्प होतात. त्या गप्प होण्याचे गुण जातातच, शिवाय त्यानंतरच्या खऱ्या उत्तरांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

उलट, खरी नोंद कितीही लहान असली तरी चालते. समजा तू एका १०० केव्हीए डीपीवर तंत्रज्ञाबरोबर गेलीस आणि त्याने टाँगटेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजायच्या मीटरने) संध्याकाळचा भार मोजला: आर फेज १४२ अँपिअर, वाय ९६, बी ६१. एवढंच लिहून आण. रात्री बसून हिशेब कर. १०० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भाराचा प्रवाह फेजमागे सुमारे १३३ अँपिअर. तिन्हींची सरासरी जेमतेम १०० येते, म्हणजे कागदावर डीपी निवांत आहे. पण आर फेजचं वाइंडिंग मर्यादेच्या वर चाललंय आणि न्यूट्रलमधून साधारण ७० अँपिअर वाहतायत. न्यूट्रलचा जोड सैल असेल तर आधी काय होईल? कोणत्या घरांत व्होल्टेज चढेल, कोणत्या घरांत पडेल? उपाय मोठा ट्रान्सफॉर्मर बसवणं, की आर फेजवरच्या काही सिंगल फेज जोडण्या बी वर घेणं? ही एक नोंद घेऊन परीक्षकासमोर बसलीस तर तुझ्याशी पंधरा मिनिटं बोलता येईल, आणि ती पंधरा मिनिटं तू निवडलेल्या विषयावरची असतील.

तेव्हा उरलेल्या चार महिन्यांत अशा मोजक्याच नोंदी कर. रोज एक पान भरायचा सोस नको. तारीख, जागा, कोणाबरोबर, काय पाहिलं, काय मोजलं, काय कळलं नाही. शेवटचा रकाना रिकामा सोडू नकोस. पाहिलेलं आणि स्वतः केलेलं यांत फरक करून लिही: ‘पाहिलं’, ‘देखरेखीखाली केलं’, ‘एकटीने केलं’. तिसऱ्या रकान्यात काहीच नसेल तर नसू दे. या धंद्यात तो रकाना घाईने भरणाऱ्याचीच जास्त काळजी वाटते.

टेबलावरच्या कामाचं काय? थकबाकीच्या याद्यांतून इंजिनिअरिंग निघत नाही, ते सोडून दे. पण नव्या जोडणीच्या अर्जांतून निघतं. प्रत्येक अर्जात मागितलेला भार असतो आणि तो कुठल्या तरी डीपीवर पडणार असतो. एकच फीडर धर. त्याच्यावरच्या डीपींची यादी, क्षमता, आत्ताचा भार, मंजूर झालेले पण अजून न जोडलेले अर्ज, असा तक्ता कर. ऑपरेटरच्या रजिस्टरमधून त्याच फीडरच्या ट्रिपिंगच्या वेळा घे. १,२०० ग्राहकांचा फीडर ४० मिनिटं बंद राहिला आणि उपविभागात एकूण ६,००० ग्राहक असतील, तर त्या एका घटनेने सरासरी ग्राहकाच्या खात्यात ८ मिनिटांचा अंधार टाकला. सैडी म्हणतात तो आकडा असाच बेरजेने बनतो. मग पहा, पहिल्या पावसात ट्रिपिंग का वाढतात? उन्हाळाभर इन्सुलेटरवर साचलेली धूळ ओली होऊन वाहक बनते, आधीच तडा गेलेला पिन इन्सुलेटर पंक्चर होतो, न छाटलेली फांदी तारेला टेकते. कोणत्या खांबावर काय झालं ते तंत्रज्ञांना तोंडपाठ असतं, फक्त कोणी लिहून घेतलेलं नसतं. तू लिहून घे. साहेबांना हा तक्ता पावसाळ्यापूर्व देखभालीसाठी उपयोगी पडेल, आणि त्यानिमित्ताने तुला फीडरभर हिंडायला मिळेल. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या अडचणींवरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

मूल्यमापनाला काय विचारतील हे सगळेच विचारतात. तुझ्या उपकेंद्राचा सिंगल लाइन डायग्राम कागदावर, न बघता, काढता यायलाच हवा. तिथे अडखळलं की बाकीचं ऐकायचा परीक्षकाला उत्साह राहत नाही. सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी चालू स्थितीत उघडी का ठेवायची नाही, ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधला निळा सिलिका जेल गुलाबी झाला म्हणजे काय झालं, अर्थ फॉल्ट आणि ओव्हरकरंट रिले वेगळे का, हे नेहमीचे. पण चांगला परीक्षक एक प्रसंग देतो: ‘फीडर ट्रिप झाला, एकदा घेतला, परत ट्रिप झाला. वरून फोन येतोय, पाच मिनिटांत चालू करा. काय करशील?’ इथे रिलेवर कुठला फ्लॅग (दोषाचा प्रकार दाखवणारी खूण) पडला होता ते विचार, मग मधला एबी स्विच उघडून फीडर तुकड्या-तुकड्यांनी तपासण्याबद्दल बोल, तार तुटून खाली पडल्याची खबर आहे का ते विचार. ‘तिसऱ्यांदा घेऊन बघते’ असं म्हणणारी मुलं हुशार असली तरी नापास व्हावीत, असं माझं मत आहे. आणि जे येत नाही ते ‘पाहिलेलं नाही’ म्हणून सांग.

तक्रारीबद्दल. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. पदवी-पदविकाधारक त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आले. त्यातली काही कलमं तुला माहीत असायला हवीत. प्रशिक्षण देणं आणि त्यासाठी पात्र माणूस नेमणं ही मालकाची जबाबदारी आहे. अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, शिकणारा धरला जातो. म्हणजे कमी पडलेल्या माणसाच्या जागी त्याला उभं करणं हे कायद्याच्या हेतूतच बसत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. प्रशिक्षणाच्या ओघात अपघातात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. आणि करारातून वाद झाला तर तो त्या सल्लागाराकडे नेता येतो. डिप्लोमावाल्यांसाठी महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) आहे, सगळे ज्याला ‘बोट’ म्हणतात ते. आयटीआय करून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेल्यांचा रस्ता वेगळा: त्यांना शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते, तिच्यात प्रात्यक्षिक असतं, आणि टेबलावर वर्ष काढलेला मुलगा तिथे उघडा पडतो. हे वाचणाऱ्या त्या मुलांनी तर आजच बोलावं.

तू मात्र थेट मुंबईला पत्र धाडू नकोस. साहेब भले आहेत असं तूच लिहितेस, आणि भल्या माणसाला अजून कोणी स्पष्ट विचारलेलंच नाही. अर्ज लिही, अर्ध्या पानाचा. ‘मला फील्डवर पाठवा’ हे मोघम झालं. त्याऐवजी: आठवड्यातले दोन दिवस उपकेंद्र, ठरलेल्या शटडाऊनला हजेरी, रिले टेस्टिंगची टीम येईल तेव्हा त्यांच्याबरोबर, आणि वर सांगितलेल्या फीडरचा तक्ता. बाकी दिवस कार्यालयाचं काम करीन, हेही लिही. साहेबांनी मुलगी म्हणून काळजी दाखवली तर ती धुडकावू नकोस, पण तिचं भाषांतर कामाच्या अटींत कर: दिवसा, ठरावीक प्रधान तंत्रज्ञाबरोबर, येण्याजाण्याची गाडी ठरलेली. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही, तर हाच अर्ज प्रशिक्षण विभागाकडे, आणि तिथेही नाही तर मंडळाकडे. पोच घेत जा.

सोडून भरतीचा अभ्यास करण्याचा विचार मला पटत नाही. कायदा अप्रेंटिसला नोकरीची हमी देत नाही, हे खरं. वर्ष पूर्ण केलेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचं धोरण आखावं, एवढंच २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्यात आहे. तुझ्या कंपनीचं धोरण काय, हे आस्थापना विभागात विचारून घे, कँटीनमधल्या गप्पांवर जाऊ नकोस. पण आठ महिने काढून चार महिन्यांसाठी प्रमाणपत्र टाकून देण्यात शहाणपण नाही. आणि अभ्यासाचं म्हणशील तर ट्रान्सफॉर्मर, प्रोटेक्शन, स्विचगिअर हे भरतीच्या परीक्षेतलेच धडे आहेत. उपकेंद्रात डिफरन्शियल रिले बघून आलेल्या दिवशी तो धडा वाच, किती लवकर संपतो ते कळेल.

राहता राहिले आधी दिलेले दोन तिमाही अहवाल, मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेले. ते गेले, आता त्यात खाडाखोड करायला जाऊ नकोस. तिसऱ्या अहवालाला मात्र एक पान जोड: प्रत्यक्ष पाहिलेली कामं, न झालेली कामं, आणि उरलेल्या महिन्यांत कुठलं काम कधी करायचं ठरलं आहे. त्यावर साहेबांची सही घे. सही देताना ते आढेवेढे घेतील. घेऊ देत, वाट बघ. मूल्यमापनात कोणी पहिल्या दोन अहवालांतलं पान उघडून विचारलंच, तर ‘ते काम मी केलेलं नाही, तिसरा अहवाल बघा’ असं सांगून हे पान पुढे कर.